हंसाची चोच

एप्रिलमधल्या त्या दिवशी सकाळी सव्वासातला वनरक्षकाचा फोन आला, "डॉक्टर, किनाऱ्यावर मोठा मासा लागलाय." हा मासा नसून आपल्यासारखा फुप्फुसांनी श्वास घेणारा सस्तन प्राणी आहे, हे मी इतक्यांदा सांगून चुकलो आहे की आता नुसते "येतो" म्हणतो. सिंधुदुर्गातल्या त्या वाळूवर हंपबॅक डॉल्फिनची मादी पडली होती. वरच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत ती 2.10 मीटर भरली, आणि पराच्या पुढच्या कडेवर जाळ्याच्या दोऱ्याचे बारीक, समांतर काप होते.

गळा उघडल्यावर स्वरयंत्र हाती आले. त्याच्या कूर्चा लांबट नळीसारख्या वर निघून थेट नासामार्गात घुसलेल्या असतात, त्यामुळे हवेची आणि अन्नाची वाट वेगळी राहते. आकार हुबेहूब हंसाच्या चोचीचा. मात्र डॉल्फिनच्या टिकटिकींचा उगम तिथे नसतो. तो डोक्यावरच्या श्वासरंध्राखाली, ओठांसारख्या दोन जोड घड्यांत असतो, आणि तिथली हवा पिशव्यांतून पुन्हापुन्हा खेळवली जात असल्याने पाण्याखाली श्वास न घेताही आवाज चालू राहतो. त्या पिशव्या मला उघडून पाहायच्या होत्या. "पर्यटकांचा हंगाम आहे, वास सुटेल," असे सांगून जेसीबी आधीच चालू करून ठेवलेला होता. शवविच्छेदनाला मिळणारा वेळ खड्डा खणणाऱ्या यंत्राच्या भाड्यावर ठरतो, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात लिहिलेले नाही. डोके धडासकट वाळूत गेले.

संध्याकाळी त्याच वनरक्षकाने खिशातून रुमालात गुंडाळलेला दयाळ पक्षी काढला. कार्यालयाच्या काचेवर आपटून मेलेला हा नर औषधांच्या तराजूवर 38 ग्रॅम भरला. कवटीखाली रक्त साकळले होते, त्यामुळे कारण पाच मिनिटांत स्पष्ट झाले. पण त्यानंतर अर्धा तास मी भिंगाखाली त्याची श्वासनलिका न्याहाळत बसलो, कदाचित सकाळची भरपाई म्हणून. यालाही घशात स्वरयंत्र आहे आणि हाही त्यातून गात नाही. त्याचे गाणे खाली छातीत, श्वासनलिका जिथे दुभंगते तिथल्या सिरिंक्समध्ये तयार होते. हरभऱ्याहून लहान असलेल्या त्या गाठीच्या दोन्ही बाजू स्वतंत्रपणे चालू शकतात. एकाने आवाज कपाळाकडे नेला, दुसऱ्याने छातीत उतरवला, आणि घशातली जुनी जागा दोघांनीही श्वासाच्या राखणीपुरती ठेवली.

रात्री दोन्ही अहवाल एकाच पेनाने लिहिले. दयाळचा चार ओळींत संपला. डॉल्फिनच्या अहवालात 'बुडून' हा शब्द मी मुद्दाम टाळला, कारण तिच्या फुप्फुसांत पाणी नव्हते. जाळ्यात अडकलेला डॉल्फिन बहुतेक वेळा श्वासरंध्र मिटूनच गुदमरतो. 'बहुधा जाळ्यात श्वास कोंडून' असे लिहिले. त्यातला 'बहुधा' काढण्याची सूचना आतापर्यंत दोनदा आली आहे. मी तो अजून काढलेला नाही.