आमची वाटचाल : चोवीस, पंचवीस आणि तीस

सदाशिव पेठेतला भाड्याचा गाळा आणि लग्नांचं व्हिडिओ शूटिंग, एवढाच आमचा व्याप होता. मुहूर्त संपले की माशा मारायच्या. अशा रिकाम्या दिवसांत लोक घरची आठ मिलिमीटरची रिळं घेऊन यायला लागले, 'टीव्हीवर दिसेल असं करून द्या' म्हणत. तिथून धंद्याने वळण घेतलं.

गिऱ्हाईक विचारतं ओरखड्यांबद्दल. आम्ही आधी बघतो वेग. बोलपट सेकंदाला २४ फ्रेमचा, म्हणजे २४ चित्रांचा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्या हिशेबाने टीव्ही २५ चा. सोपी वाट म्हणजे फिल्म २५ ने पळवायची. अडीच तासांचा सिनेमा १४४ मिनिटांत उरकतो आणि डोळ्यांना पत्ता लागत नाही. कानाला लागतो. एका पेटीवादक आजोबांनी दुसरीकडून करून आणलेली गाण्याची कॅसेट आमच्याकडे लावली आणि शेजारी पेटी उघडली. बाई गायच्या काळी एकमध्ये. कॅसेटवर जवळजवळ पांढरी दोनला पोचल्या होत्या. "ह्या त्या नव्हेतच," म्हणाले. आम्ही आवाज वेगळा काढून पट्टी खाली आणून दिली, तेव्हा कुठे चहा घेतला.

मग न्यू जर्सीच्या लेकी-जावयांसाठी कॅसेटी सुरू झाल्या. तिथला टीव्ही जवळपास ३० फ्रेमचा. तिथे पळवून भागत नाही. टीव्हीची एक फ्रेम दोन फील्डची, म्हणजे एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांची. फिल्मची एक फ्रेम दोन फील्ड, पुढची तीन, असं करत चार फ्रेमच्या पाच कराव्या लागतात. कॅमेरा आडवा फिरला की चित्र बारीक हिसके देतं. त्याला इलाज नव्हता, आम्ही तसं आधीच सांगायचो.

घरगुती रिळं मात्र १६ किंवा १८ ची, तीही किल्लीच्या कॅमेऱ्यावरची. २५ ने लावली की मुंजीतले भटजीसुद्धा तुरुतुरु पळतात. त्यासाठी प्रोजेक्टरला तीन पात्यांचं शटर, म्हणजे उजेड अडवणारी फिरती चकती, बसवून वेग पावणेसतराच्या जरासा खाली ठेवायचा. प्रत्येक फ्रेमला बरोबर तीन फील्ड मिळतात आणि लुकलुक थांबते.

आता स्कॅनर एकेक फ्रेम सुटी टिपतो, वेग मागाहून कॉम्प्युटरवर ठरतो. माणसं कशी चालतात, नळाचं पाणी कसं पडतं, ते बघून.

रीळ आणण्याआधी डबा उघडून हुंगा. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर घरच्या प्रोजेक्टरवर चढवू नका. फिल्म आकसलेली असते, भोकं फाटतात. तशीच घेऊन या.