कानस लावून घेतलेला रेडिएटर

कोल्हापूरच्या गुजरीतल्या तीन सराफांसाठी मी दागिन्यांची थ्रीडी मॉडेल्स करते. साज, ठुशी, चिंचपेटी, हुपरीच्या चांदीचे पैंजण. दागिना घडायच्या आधीच तो गिऱ्हाइकाला मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवायचा असतो. त्यासाठी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये दोन-अडीचशे फ्रेम रेंडर कराव्या लागतात. चांदीसारख्या चकचकीत धातूतलं प्रतिबिंब स्वच्छ यायला प्रत्येक फ्रेम बराच वेळ खाते. रात्री दहाला काम लावलं की पहाटे चार-साडेचारला संपतं.

मंगळवार पेठेत आमच्या दोन खोल्या आहेत. मशीन ज्या खोलीत आहे त्याच खोलीत आई झोपते. ग्राफिक्स कार्डाचे तिन्ही पंखे जोरात सुटले की रात्रभर गिरणीशेजारी झोपल्यासारखं होतं. आई कधी काही बोलली नाही, पण ती कूस बदलत राहायची आणि ते मला दिसायचं. वॉटर कूलिंगचं, म्हणजे मशीनची उष्णता पाण्यानं रेडिएटरपर्यंत नेऊन तिथून हळू पंख्यांनी काढायचं, डोक्यात आलं ते तिथून.

आधी हिशोब मांडला. माझा प्रोसेसर रायझन ९ ५९००एक्स. खोक्यावर १०५ वॉट लिहिलेलं असलं तरी सगळे १२ कोअर कामाला लागले की तो १४२ वॉटपर्यंत ओढतो. एवढी उष्णता चांगला एअर कूलर शांतपणे काढतो, त्यासाठी पाणी कशाला? खरा आवाज आरटीएक्स ३०८० या ग्राफिक्स कार्डाचा होता. त्या कार्डाचा आकडा ३२० वॉट. बाजारात मिळणारे बहुतेक सीलबंद वॉटर कूलर फक्त प्रोसेसरला बसतात, म्हणजे तो घेऊन माझा प्रश्न तसाच राहिला असता. दोन्ही एकाच पाण्यावर घ्यायचे तर सगळं सुटं सुटं आणून जोडणं आलं.

इथं माझी पहिली चूक झाली. मी रंगीत पाणी, काचेसारख्या वळवलेल्या नळ्या आणि दिवे बघत बसले, आणि त्या भरात एका ऑनलाइन दुकानातून स्वस्तातला ३६० चा, म्हणजे १२० मिलीमीटरचे तीन पंखे बसतील असा, रेडिएटर मागवला. माहितीत ‘कॉपर’ असं लिहिलेलं होतं.

माझा मामा उद्यमनगरात ट्रक-ट्रॅक्टरचे रेडिएटर दुरुस्त करतो. तीस वर्षं झाली. रेडिएटर आल्यावर मी तो कौतुकानं त्याला दाखवायला नेला. त्यानं हातात घेतला, उचलून बघितला, पुन्हा एकदा उचलून बघितला.

“तांब्याचं म्हणून दिलंय व्हय हे?”

“तसं लिहिलंय तरी.”

“वजनच न्हाई की गं ह्याला.”

कडेच्या टाकीवर, जिथं दिसणार नाही अशा कोपऱ्यात, त्यानं कानस दोनदा ओढली. काळा रंग निघाला आणि खाली पांढरं चमकलं. पितळेची टाकी असती तर पिवळं दिसलं असतं. “अ‍ॅल्युमिनियम हाय,” म्हणाला, आणि रेडिएटर बाकड्यावर ठेवून दिला. तांब्याची घनता ८.९६ आणि अ‍ॅल्युमिनियमची २.७. हे मी शाळेत शिकले होते. मामाच्या हाताला ते नुसतं उचलून कळलं.

अ‍ॅल्युमिनियमचं काय वाईट, असं कुणी विचारेल. एकटं असेल तर काहीच नाही. गाड्यांचे नवे रेडिएटर त्याचेच असतात. पण माझे दोन्ही ब्लॉक, म्हणजे प्रोसेसरवर आणि कार्डावर बसणारे, आतून पाणी जाणारे ठोकळे, तांब्याचे असणार होते. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकाच पाण्यात आले की आत बारीकशी बॅटरीच तयार होते आणि त्यात झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. कूलंटमधली औषधं हा वेग कमी करतात, पण थांबवत नाहीत. झिजलेल्याचा पांढरा चोथा ब्लॉकच्या केसाएवढ्या खाचांत जाऊन बसतो आणि पाण्याची वाट अडते. मामानं असे ट्रक बघितलेत. “येका पान्यात दोन धातू घालू नको. येक दुसऱ्याला खातंय,” एवढंच तो म्हणाला. दुकानानं रेडिएटर परत घेतला नाही. ते पैसे गेले, पण ब्लॉक यायच्या आधी गेले हे बरं झालं.

त्या दिवशी घरी येऊन मी यादी फाडली आणि उलट्या टोकानं नवीन लिहायला घेतली. उष्णता शेवटी जिथून खोलीत जाते ते आधी, म्हणजे रेडिएटर. मग पाण्याला टेकणारी प्रत्येक गोष्ट. दिवे सगळ्यात खाली, आणि पुढं तेही खोडले.

१४२ आणि ३२० मिळून ४६२ वॉट. पंखे हळू फिरवायचे असतील तर १२० मिलीमीटरच्या एका पंख्याच्या जागेला साधारण १०० वॉट धरावेत असा अंदाज जुनेजाणते लोक वापरतात. म्हणजे पाच जागा हव्यात. वर एक ३६० चा, समोर एक २४० चा. दोन्ही ३० मिलीमीटर जाडीचे घेतले, जाळी फार दाट नसलेले. दाट जाळीतून हवा ढकलायला पंखा जोरात पळवावा लागतो, आणि मग आईची झोप पुन्हा मोडणार. ६० मिलीमीटरचा जाड रेडिएटर बघायला दणकट वाटतो, पण हळू पंख्यांवर त्याच्या जाडीचा म्हणावा तेवढा उपयोग होत नाही.

३६० चा रेडिएटर ३६० मिलीमीटरचा नसतो, हे कुणी आधी सांगितलं असतं तर माझी एक संध्याकाळ वाचली असती. दोन्ही टोकांच्या टाक्या धरून तो ४०० च्या आसपास जातो. जाडीतही ३० मध्ये पंख्याचे २५ मिळवायचे, म्हणजे ५५. चपलांच्या दोन खोक्यांचा पुठ्ठा चिकटवून मी त्या मापाचा रेडिएटर केला आणि माझ्या जुन्या कॅबिनेटमध्ये वरून बसवून बघितला. रॅमच्या उंच पट्ट्यांना तो थेट अडकला. म्हणजे कॅबिनेटही बदलायचं. पुठ्ठ्याला खर्च काही नव्हता. पुठ्ठा केला नसता तर हे रेडिएटर आल्यावर कळलं असतं.

नळ्यांवर मी सगळ्यात जास्त दिवस घोळले. वळवलेल्या कडक नळ्या सुंदर दिसतात यात वाद नाही. पण पीईटीजी या कडक प्लास्टिकची नळी पाणी साठ अंशांकडं गेलं की नरम पडायला लागते. एप्रिल-मे महिन्यात दुपारी आमच्या पत्र्याखालच्या खोलीत ३५ अंश असतात. पाणी त्याच्याहून दहा अंश वर गेलं तरी ४५. एवढ्यानं काही होत नाही, पण मी झोपलेली असताना पंप बंद पडला तर पुढं काय, हा विचार मला सोडवेना. पारदर्शक मऊ नळी घ्यावी तर तिच्यातलं मऊपणा आणणारं रसायन हळूहळू पाण्यात उतरतं, नळी धुरकट होते आणि तो चिकटा ब्लॉकमध्ये जमतो. उरली काळी ईपीडीएमची रबरी नळी, आत १० आणि बाहेर १६ मिलीमीटर. तिचा तुकडा मामाच्या हातात दिला तर तो हसला. “ही तर आमच्या रेडिएटरची होजपाईप!” खरंच, गाड्यांच्या रेडिएटरचे होजपाईप बहुतेक याच रबराचे असतात. तीस वर्षं इंजिनाच्या गरम पाण्यात हे रबर टिकताना बघितलेला माणूस समोर होता, मग मी आणखी शोधत बसले नाही.

नळ्या जोडायची फिटिंग मोजून घ्या, हे मात्र कळकळीनं सांगते. सगळ्यांच्या हिशोबात इथंच खड्डा पडतो. प्रोसेसरच्या ब्लॉकला दोन, कार्डाच्या ब्लॉकला दोन, दोन रेडिएटरना चार, पंप-टाकीला दोन, झाली दहा. त्याशिवाय तीन काटकोनी, पाणी काढायला एक टी आणि एक कॉक. १५ नग. सरासरी सहाशे धरले तरी नऊ हजार रुपये. आणि १०/१६ च्या नळीला १०/१३ चं फिटिंग बसत नाही, दोन्ही मापं जुळावी लागतात.

मामाच्या शेजारचा टर्नर एक फिटिंग उलटसुलट करून म्हणाला, “ही पाव इंची बीएसपी की, पॅरलल. एकोणीस टीपीआय.” म्हणजे इंचाला एकोणीस आटे. पीसीवाले ज्याला जी वन-फोर म्हणतात तो आटा हाच. त्यानं लगेच टेफ्लॉन टेपही पुढं केली. ती मात्र इथं लागत नाही. आटा सरळ आहे, तो पाणी अडवत नाही. पाणी अडवतं ते खालचं रबरी ओ-रिंग. टेप गुंडाळली तर ओ-रिंग नीट टेकत नाही आणि टेपचे तुकडे आत जातात. हाताच्या बोटांनी घट्ट केलं की पुरतं. पान्यानं आवळलं तर अ‍ॅक्रिलिकला तडा जाऊ शकतो.

पंपाला मी हात आखडला नाही. डी५ घेतला. मूळचा हा जर्मनीतल्या लाइंग कंपनीचा पंप. आत फिरणारा भाग एकच, तो एका गोळीवर तोलून फिरतो आणि त्याचं वंगण म्हणजे तेच पाणी. म्हणून तो कोरडा फिरवायचा नाही, आणि टाकी नेहमी त्याच्या आधी आणि वर हवी. हे मामाला समजवायला मला एक वाक्यही लागलं नाही. ज्याच्या उसाला विहिरीवरची मोटर पाणी देते त्याला मोटर हवा धरते म्हणजे काय हे सांगावं लागत नाही.

पण एका गोष्टीवर मामाचं आणि माझं बरंच वाजलं. पाणी आधी प्रोसेसरला न्यायचं की कार्डाला? मामा म्हणत होता, दोन्हींच्या मधी येक रेडिएटर पायजेच, नायतर दुसऱ्याला कढत पाणी जाणार. ट्रकच्या रेडिएटरला वर हात लावला तर चटका बसतो आणि खाली कोमट लागतं, हे त्याचं रोजचं. मी कागदावर मांडून दाखवलं. मिनिटाला ४ लिटर पाणी फिरतंय, त्यात ४६२ वॉट ओतले, तर एका फेरीत पाणी दीड-पावणेदोन अंशांनीच तापतं. इंजिनाची उष्णता याच्या कितीतरी पट असते, म्हणून तिथं फरक हाताला लागतो. इथं सगळ्या नळ्यांतलं पाणी जवळपास सारखंच. त्यामुळं क्रम कसाही चालतो, नळी जिकडून कमी वळणं घेईल तसा लावावा. मामानं कागद बराच वेळ बघितला आणि घडी करून खिशात ठेवला.

कार्डाच्या ब्लॉकला सगळ्यात जास्त सांभाळायचं. ३०८० म्हणून सगळी कार्डं सारखी नसतात. प्रत्येक कंपनी स्वतःचं सर्किट बोर्ड करते आणि ब्लॉक त्या बोर्डाप्रमाणे कापलेला असतो. एक कपॅसिटर जरी वेगळ्या जागी असला तरी ब्लॉक बसणार नाही. मी कार्डावरचा पूर्ण मॉडेल नंबर घेऊन ब्लॉकवाल्यांच्या यादीत ताडून बघितला, आणि मगच पैसे भरले.

पाण्याच्या बाबतीत मामा गाडीचं कूलंट घाल म्हणत होता. त्यात ग्लायकॉल असतं ते मुख्यतः पाणी गोठू नये म्हणून. कोल्हापुरात पाणी गोठत नाही, आणि ग्लायकॉल जास्त झालं की पाणी दाट होतं आणि उष्णताही कमी वाहून नेतं. मी रंग नसलेलं तयार कूलंट घेतलं, ज्यात गंज आणि शेवाळ न धरण्याची औषधं आधीच मिसळलेली असतात. दुधाळ रंगाच्या पाण्यातले कण तळाला बसतात, ते नको. नळाचं पाणी तर नकोच. धुण्यासाठी डिस्टिल्ड वॉटरचे दोन कॅन आणलेत.

लोक अजून एक विचारतात, पावसाळ्यात नळ्यांना बाहेरून दव धरणार नाही का? नाही धरणार. दव धरायला नळी खोलीतल्या हवेपेक्षा थंड व्हावी लागते, आणि पंख्याच्या रेडिएटरनं पाणी खोलीपेक्षा थंड होतच नाही.

शेवटची छोटी पण मनापासून आवडलेली खरेदी म्हणजे पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर. प्रोसेसरचं तापमान सेकंदात पंधरा अंश उडी मारतं, आणि पंखे त्याच्यावर बांधले तर ते सारखे हुंकारत राहतात. पाणी सावकाश तापतं. पंखे पाण्याच्या तापमानावर बांधले की त्यांचा वेगही सावकाश बदलतो आणि झोपलेल्या माणसाच्या कानाला तो बदल लागत नाही.

नवे दोन्ही रेडिएटर मागच्या आठवड्यात आले. मामानं आधी उचलून बघितले आणि मान हलवली. तरी कानस काढलीच. पिवळं दिसलं. मग आम्ही त्यात कोमट डिस्टिल्ड पाणी घालून हलवत बसलो आणि पांढऱ्या फडक्यावर ओतलं. पहिल्या वेळी काळे कण निघाले, डाखाचा मळ. पाचव्या वेळी फडकं स्वच्छ राहिलं. मग मामानं दोन्हींची तोंडं बंद करून थोडी हवा भरली, टबात बुडवले आणि बुडबुडे येतात का ते गप्प बसून बघत राहिला, जसा तो ट्रकचे बघतो तसा.

कार्डाचा ब्लॉक अजून वाटेत आहे. तो आला की रविवारी मामा घरी येणार आहे. येताना स्वतःच्या होज क्लिपा आणतो म्हणालाय. फिटिंगला रिंग असते, क्लिप लागत नाही, हे मी त्याला दोनदा सांगितलं. तरी तो आणेल. एक मी टाकीकडच्या नळीवर लावून घेणार आहे.