चौथी, वर्ग दोनची हॉर्नेट

तामिया या जपानी कंपनीची हॉर्नेट ही रिमोटवरची बगी, म्हणजे खडबडीत जमिनीवर पळणारी खेळण्यातली गाडी, जपानमध्ये १९८४ साली आली. १/१० मापाची, काळी, मागच्या चाकांवर चालणारी. खालचा सांगाडा कंपनीच्याच त्याच वर्षीच्या ग्रासहॉपर या बगीचा, पण ग्रासहॉपरला छोटी ३८० मोटर आणि हॉर्नेटला मोठी ५४०. शिवाय मागे धक्के शोषणारे तेलाचे डॅम्पर आणि वर पॉलीकार्बोनेटची पातळ बॉडी. शाळकरी मुलाने घरी बसून स्वतः जोडावी आणि बाहेर मातीत पळवावी, यासाठी केलेली ही गाडी.

इथे तोक्योत जुन्या वस्तूंच्या दुकानांत ‘जंक’चा एक कोपरा असतो. वस्तू चालेल याची हमी नाही, परत घेणार नाहीत, म्हणून किंमत नावापुरती. मला हॉर्नेट तिथेच मिळाली. ड्रायव्हरभोवतीचा पिंजरा, म्हणजे रोल केज, मोडलेला, टायर कडक होऊन भेगाळलेले, पोटात २७ मेगाहर्ट्झचा जुना रिसीव्हर आणि फुटलेली निकेल-कॅडमियम बॅटरी. उलटी केली तर तळाला ऑइल पेनने बाळबोध अक्षरांत लिहिलेलं होतं: चौथी, वर्ग दोन. त्याखालचं नाव घासून गेलंय. जपानी मुलं दप्तर, छत्री, डबा सगळ्यावर इयत्ता आणि वर्ग घालतात, तसंच हे.

ती ओळ पाहिली तेव्हाच माझं ठरलं. जे फिरतं, वळतं, ज्यातून करंट जातो ते सगळं नव्यासारखं करायचं. पण त्या मुलाच्या हाताच्या खुणा आहेत तिथे रंग लावायचा नाही. बॉडीतल्या ड्रायव्हरचं हेल्मेट त्याने ब्रशने लाल रंगवलंय. रंग गॉगलच्या कडेवर आलाय. एका बाजूला ब्रशचा केस रंगात चिकटून वाळलाय. तो तसाच राहील. अनेकजण अशा गाडीची बॉडी सरळ टाकून देतात आणि खोक्यावरच्या चित्रासारखी नवी चढवतात. गाडी सुंदर दिसते, कबूल. पण मग दुकानातून नवी का घेऊ नये? कंपनीने २००४ मध्ये हॉर्नेट पुन्हा बाजारात आणली आहे.

त्या पुनरागमनाचा मला खरा फायदा झाला तो सुट्या भागांत. रोल केज, टायर, बंपर नवे मिळतात आणि जुन्या गाडीला बसतात. चाळीस वर्षांपूर्वीच्या खेळण्याचा मोडलेला तुकडा आज मागवता येतो याचं मला अजून अप्रूप वाटतं.

सुरुवात बॅटरीच्या खणापासून केली. फुटलेल्या सेलमधून आलेला पांढरा थर अल्कली असतो, म्हणून हातमोजे घालून व्हिनेगर लावलेल्या कापसाने पुसला, मग पाणी. कॅडमियम विषारी, तेव्हा ती बॅटरी कचऱ्यात न टाकता रिसायकलिंगला दिली.

मग स्क्रू. हे आवर्जून सांगते, कारण भारतातून कुणी असं काही उघडणार असेल तर उपयोगी पडेल. जपानी गाड्यांचे अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेले स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाचे असतात. आपल्याकडचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर त्यात बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की बाहेर सरकतो आणि खाच गुळगुळीत होते. जेआयएसचा एक चांगला स्क्रू ड्रायव्हर घ्या. बाकी हत्यारं नंतर.

हॉर्नेटचा स्वभाव तिच्या मागच्या भागात आहे. मोटर, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल हे सगळं एकाच ठोकळ्यात, आणि तो अख्खा ठोकळा वर-खाली हलतो. एवढं वजन एकदम हलणार म्हटल्यावर खडबडीत जमिनीवर गाडी सशासारखी उड्या मारत जाते. प्रत्येक चाक वेगळं हलणारी, स्वतंत्र सस्पेन्शनवाली नवी बगी जमिनीला चिकटून पळते. मला हिच्या उड्या जास्त आवडतात.

गिअरबॉक्स उघडला तर जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं. लोखंडी शाफ्ट आणि स्क्रू रॉकेलमध्ये बुडवून धुतले. इथे हिवाळ्यात हीटरसाठी रॉकेल घरात असतंच. प्लास्टिकला मात्र रॉकेल लावायचं नाही, त्याने एबीएस जातीच्या प्लास्टिकला बारीक चिरा पडू शकतात. भांड्याचा साबण, कोमट पाणी आणि जुना टूथब्रश पुरतो. गिअरचे दात शाबूत निघाले. अ‍ॅक्सल ज्यात फिरतो त्या साध्या कड्यांच्या, म्हणजे बुशांच्या जागी ११ मिमी बाहेरचा आणि ५ मिमी आतला व्यास असलेले बॉल बेअरिंग घातले. इथे मी जुन्याचा हट्ट धरला नाही, कारण बुश झिजला की अ‍ॅक्सल डुगडुगतो आणि चांगले गिअरही खातो.

मोटरसाठी इचलकरंजीला आप्पांना व्हिडिओ कॉल केला. आप्पांचं आयुष्य मोटर रिवाइंडिंगमध्ये गेलं. यंत्रमागाच्या मोटरी उघडून उघडून त्यांची बोटं काळी झालेली मी पाहिली आहेत. ही ५४० मोटर म्हणजे दाबून बंद केलेला डबा, उघडायची सोय नाही. ते म्हणाले, “अगं, उघडायचं नसू दे. हातानं फिरव आन् कानाला लाव.” फिरवली. किंचित घासल्याचा आवाज. “बुश कोरडं पडलंय. दोन्ही टोकांना एकेक थेंब तेल दे, जास्त नको, कार्बनवर गेलं तर वाट लागंल. मग कमी व्होल्टवर चालू दे निवांत.” दोन पेन्सिल सेल जोडून तीन व्होल्टवर चालवली. आधी ठिणग्या उडाल्या, मग कार्बन ज्यावर घासतो त्या कॉम्युटेटरवरची काजळी गेली आणि आवाज एकसारखा झाला. आप्पांनी फोनवरूनच मान डोलावली. मोटरच्या टोकांना झाळलेले सिरॅमिक कपॅसिटर मात्र मी नवे लावले. मोटरमधल्या कार्बन ब्रशच्या ठिणग्यांचा खरखराट रेडिओत शिरू नये म्हणून ते असतात.

स्पीड कंट्रोलर मेकॅनिकल आहे: सर्व्हो, म्हणजे रिमोटच्या इशाऱ्यावर वळणारी छोटी मोटर, एक हात फिरवते, तो तांब्याच्या पट्ट्यांवरून सरकतो, कमी वेगात करंट रेझिस्टरमधून जातो आणि रेझिस्टर चांगलाच तापतो. यात वीज वाया जाते. इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर लावणं सहज शक्य होतं. पण करंट कुठून कुठे जातो हे इथे डोळ्यांनी दिसतं, आणि दहा वर्षांच्या मुलाला यंत्र समजावं ते असंच समजावं, असं मला मनापासून वाटतं. पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने घासून ठेवल्या.

रेडिओ बदलला. २७ मेगाहर्ट्झवर प्रत्येकाकडे फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या क्रिस्टलची जोडी असे, आणि शेजाऱ्याकडे तीच फ्रिक्वेन्सी निघाली की गाड्या बेभान होत. २.४ गिगाहर्ट्झमध्ये ती कटकट नाही. फक्त जपानमध्ये ट्रान्समीटरवर ‘गितेकी’ची, म्हणजे तिथल्या रेडिओ नियमांत बसत असल्याची, खूण हवी, म्हणून सुट्टीत पुण्यात पाहिलेला स्वस्त सेट आणला नाही. रिसीव्हरला मात्र जुन्या पद्धतीने वेगळे चार पेन्सिल सेलच दिले आहेत.

गेल्या रविवारी चिबामधल्या एका मातीच्या सर्किटवर ती पळवली. शेजारी उभे असलेले पन्नाशीचे गृहस्थ मोटरचा आवाज ऐकून स्वतःच्या गाडीचं वळण चुकले. मग बराच वेळ ते हॉर्नेटपाशी उकिडवे बसून मागचा ठोकळा हाताने दाबून पाहत होते. तिसऱ्या बॅटरीला एका उडीनंतर पुढचं डावं चाक धरणारा आर्म मोडला.  सुटा भाग मिळतो. दोन्ही बाजूंचे मागवले आहेत, आणि एक जादाही.