अल्गोन्क्विनला जाण्यापूर्वी ओझ्याचा हिशेब

कनूची, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या हलक्या, अरुंद होडीची, सहल आखताना लोक तलाव मोजतात. माझ्या मते पोर्टेजपासून, म्हणजे दोन तलावांमधल्या, होडी उचलून चालायच्या वाटेपासून सुरुवात करावी. कॅनडातल्या टोरोंटोच्या उत्तरेला, गाडीने सुमारे तीन तासांवर असलेले अल्गोन्क्विन उद्यान 1893 साली स्थापन झाले. त्याचे क्षेत्रफळ साडेसात हजार चौरस किलोमीटरहून अधिक आहे, आणि नकाशावर त्यातले तलाव एकमेकांना इतके खेटून दिसतात की आमच्या मेहुण्यांनी पहिल्याच बैठकीत पेन्सिलीने भलीमोठी रेघ ओढून टाकली. दोन तलावांमधल्या वाटेशेजारी छापलेल्या मीटरच्या आकड्यांकडे कोणी पाहिलेच नाही. एवढे अंतर कनू आणि सगळे सामान खांद्यावरून न्यायचे असते, आणि सामान दोन खेपांत न्यायचे झाल्यास तीच वाट तीनदा तुडवावी लागते. म्हणजे 2000 मीटरच्या पोर्टेजला सहा किलोमीटर चाल, त्यातली चार ओझ्यासह. हा हिशेब मांडल्यावर ती रेघ निम्म्याने आखूड झाली.

तरीही कनू लेक आणि जो लेक या दोन तलावांमधले पोर्टेज माझ्या कायमचे लक्षात राहील. अंतर अवघे 295 मीटर, वाटही रुंद. पण कनू उलटी करून डोक्यावर घेतली की मधली आडवी पट्टी मानेच्या मुळाशी रुतते, दोन्ही हात कडा धरण्यात गुंततात आणि जूनमधले डास आतल्या पोकळीत शिरून कानांभोवती घोंघावत राहतात, त्यांना हाकलायला हात मोकळा नसतो. मागून येणाऱ्या पत्नीने एका हाताने पिशवी सावरत दुसऱ्या हाताने माझ्या मानेवरचे डास झटकले, तेव्हा मला अक्षरशः भरून आले.

आखणीबाबत मी इतका आग्रही आहे, कारण तिथे रात्रीच्या मुक्कामाचा प्रत्येक तलाव आरक्षणाच्या वेळीच ठरवावा लागतो. आरक्षण पाच महिने आधी खुले होते. कितीही थकलात तरी ठरल्या तलावापर्यंत वल्हवत जाणे भाग असते. उत्साहाच्या भरात ओढलेल्या रेघेची शिक्षा मग मुलांना आणि वडीलधाऱ्यांना भोगावी लागते, याचा मला राग येतो.

आतल्या भागात पत्र्याच्या डब्यांतले पदार्थ आणि काचेच्या बाटल्या नेण्यास मनाई असल्यामुळे लोणचे प्लास्टिकच्या डबीत भरले, कांदे-बटाटे वजनापायी गाळले. मऊ भात, मेतकूट आणि तूप यांवर आमच्या संध्याकाळी उत्तम निभावल्या. काळ्या अस्वलांमुळे उरलेले सगळे अन्न रात्री तंबूपासून दूर, झाडाला उंच टांगावे लागे.

पुढच्या उन्हाळ्यात सासूबाईही येणार आहेत, म्हणून ओपिओंगो तलाव ठरवला आहे. तो उद्यानातला सर्वांत मोठा तलाव आहे, आणि वारा सुटला की तिथे चांगल्याच लाटा उठतात. त्यामुळे सकाळी लवकर निघायचे आणि मोठे पाणी वॉटर टॅक्सीने ओलांडायचे, असे मी सुचवले आहे. वल्हवण्याचा आनंद त्याने कमी होतो, असे मेहुण्यांचे म्हणणे आहे. मला ते मुळीच पटत नाही.