ओटीतले खण आणि नाताळचे गोळे

आमच्या वरच्या मजल्यावर सिस्टर राहतात. नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाल्या तरी सगळी इमारत त्यांना सिस्टरच म्हणते. माहेर नगरचं, त्यामुळे नाताळात त्यांच्याकडून येणाऱ्या ताटात केकच्या शेजारी करंज्या आणि चकल्याही असतात. गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर त्यांनी झाडाच्या सजावटीचा खोका गच्चीत उघडला, तर प्लॅस्टिकच्या गोळ्यांचा मुलामा पापुद्रे धरून निघत होता. मी म्हटलं, "सिस्टर, यंदा कापडाचे करून देते." "जमेल का गं तुला?" असं त्यांनी विचारलं आणि मी हो म्हणून बसले. तोवर मी हातानं फक्त गोधड्या शिवल्या होत्या.

कापडाच्या गोळ्याला शिलाई लागत नाही, हे मला नंतर कळलं. थर्मोकोलचा गोळा घ्यायचा, कापडाचे चौकोन दुमडून त्रिकोण करायचे आणि ते टाचण्यांनी एकावर एक असे लावत जायचे की मध्यावर चांदणी उमलते. तीन इंची गोळ्याला अडीच इंचाचे 42 चौकोन लागतात. दोन टोकांना एकेक सपाट चौकोन, मग प्रत्येक बाजूला पहिल्या फेरीत 4, दुसरीत 8, तिसरीत 8. तीन रंग घेतले तर एका रंगाचे 10 आणि बाकी दोन्हींचे 16-16. 44 इंची पन्ह्याची अडीच इंच रुंद पट्टी फाडली की 17 चौकोन निघतात, म्हणजे एका रंगाला एक पट्टी पुरते.

कापडासाठी बाजारात जायच्या आधी मी कपाट उघडलं. हळदीकुंकवात, डोहाळजेवणात, लग्नात ओटीत आलेले ब्लाउजपीस प्रत्येक घरात साठलेले असतात. माझ्याकडे 31 निघाले. हिरवे तर कितीतरी! पण त्यातले निम्म्याहून जास्त पॉलिएस्टरचे, आणि पॉलिएस्टरची घडी इस्त्रीला दाद देत नाही. ओळखायला कडेचा एक दोरा काढून चिमट्यात धरून जाळायचा. सुती दोऱ्याची राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. असे तपासून नऊ खण बाजूला काढले.

लाल मात्र मनासारखा नव्हता. आईच्या जुन्या महेश्वरी साडीचा एक फाटका भाग होता, जांभळट लाल, जरीकाठाचा. मोह झाला. पहिला गोळा त्याचाच केला आणि तिथेच अडले. महेश्वरीत रेशीम असल्यामुळे ती तलम आणि निसरडी. घडी उघडत होती, कडेचे धागे सुटत होते आणि आतलं पांढरं थर्मोकोल दिसत होतं. मग इथे इंदूरमध्ये राजवाड्यापाशी उतरून शीतलामाता बाजारात गेले आणि बाग प्रिंटचं अर्धा मीटर सुती कापड आणलं. धार जिल्ह्यातल्या बाग गावचे हे ठसे. लाल रंग अ‍ॅलिझरिन आणि तुरटीचा, काळा लोखंडाच्या गंजापासून केलेला, खाली मळकट पांढरी जमीन. नाताळसाठी मला याहून शोभणारं लाल सापडलं नसतं, असं आजही वाटतं. घरी आणून आधी धुतलं. पहिल्या पाण्यात थोडा रंग उतरला, दुसऱ्यात नाही.

तरीही घड्या गुबगुबीतच येत होत्या. त्यावर उपाय निघाला तो सासूबाईंच्या सवयीतून. त्या सुती साड्यांना साबुदाण्याची खळ घालायच्या. दोन मोठे चमचे साबुदाणा लिटरभर पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवला, गाळला, त्यात कापड बुडवून सावलीत वाळवलं आणि किंचित ओलसर असतानाच इस्त्री केली. कापड कागदासारखं झालं. आता चौकोन मधोमध दुमडून, वरच्या घडीच्या मध्यावर टोक धरून दोन्ही कोपरे खाली आणले, की विड्याच्या पानासारखा धारदार त्रिकोण. एकदा केला की तो तसाच राहतो. हे आधी सुचलं असतं तर चार दिवस वाचले असते.

चौकोन कापताना पुठ्ठ्याचा साचा वापरत होते. दहा-बारा चौकोनांनंतर पुठ्ठ्याची कड झिजली आणि चौकोन वेडेवाकडे येऊ लागले. सिस्टरनी त्यांच्या गुडघ्याची जुनी एक्स-रे फिल्म दिली. तिचा साचा झिजत नाही, आणि आरपार दिसतो म्हणून नक्षीतलं नेमकं फूल मध्यात धरता येतं.

खरी कसोटी दुसऱ्या फेरीत. पहिले चार त्रिकोण टोकाला टोक भिडवून बसतात. दुसऱ्या फेरीची टोकं मध्यापासून बरोबर अर्धा इंच लांब हवीत, तिसऱ्या फेरीची एक इंच. एक टोक दोऱ्याइतकं सरकलं तरी चांदणी कलती दिसते, आणि ती कलती दिसते हे सगळं लावून झाल्यावर कळतं. दोन गोळे मी पूर्ण उसवले. मग गोळ्यावर पेन्सिलनं आठ रेषा आखल्या आणि रेषांवर अर्ध्या-अर्ध्या इंचावर ठिपके दिले, अगदी ठिपक्यांच्या रांगोळीसारखे. त्रिकोण ओळीनं लावायचे नाहीत. एक लावला की त्याच्या समोरचा, मग त्या दोन्हींच्या मधले. टाचणी गोळ्याच्या मध्याकडे रोखून खोचायची. आडवी गेली तर डोकं वर राहतं आणि पुढच्या घडीत फुगवटा येतो.

दोन्ही बाजू झाल्या की मधे सुट्या कडांचा पट्टा उरतो. तीन इंची गोळ्याचा घेर साधारण साडेनऊ इंच, म्हणून दहा इंच रिबीन. ती चिकटवायला मी घरात होतं ते चप्पल चिकटवायचं पिवळं सोल्युशन लावलं, आणि बघता बघता रिबिनीखालचं थर्मोकोल विरघळून खड्डा पडला. दोन संध्याकाळींचं काम. डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर फक्त पांढरा फेव्हिकॉल आणि दोन टाचण्या. डांबराच्या गोळ्यांनीही थर्मोकोल खराब होतं. पण खळ घातलेल्या कापडाला कसर लागते, म्हणून ठेवताना खोक्यात कडुलिंबाचा सुका पाला घालते.

कातरणातून छोट्या चांदण्या शिवल्या. त्यांचं थोडक्यात सांगते: टांगायचा लूप आतल्या बाजूला वळवून टीप मारायची, नाहीतर उलटल्यावर तो पोटात जातो. आतल्या कोपऱ्यांना टिपेपर्यंत कातर द्यायची, टीप न कापता. भरायला मी जुन्या लुगड्याचे दोन थर घातले आणि वरून धावदोरा. आजी गोधडीला घालायची तसाच, कडेपासून फेऱ्या घेत मध्याकडे. त्यामुळे आतलं कापड एका जागी गोळा झालं नाही.

23 डिसेंबरला अकरा गोळे आणि चौदा चांदण्या वर नेऊन दिल्या. सिस्टर बराच वेळ एकच गोळा हातात घेऊन बसल्या होत्या. हिरव्या खणाचा, बारीक नारळी काठ असलेला. "हा काठ माझ्या आईच्या लुगड्याला होता," म्हणाल्या. महेश्वरीचा सैल पडलेला पहिला गोळाही त्यांनी मागून घेतला.

उरलेल्या सुती खणांच्या मी संक्रांतीपर्यंत चार इंची चौकोनी गाद्या शिवल्या, चहाच्या कपाखाली ठेवायला. आत लुगड्याचे तीन थर, कडेला बाग प्रिंटची पट्टी. हळदीकुंकवाला सोळा जणींना वाण म्हणून त्याच दिल्या. त्या दिवशी ओटीत सात नवे ब्लाउजपीस आले. रात्रीच एकेकाचा दोरा जाळून पाहिला. तीन सुती आहेत.