नदी आमच्या घरापासून दहा मिनिटांवर

लेक सिनियर किंडरगार्टनमध्ये होती, तेव्हा शाळेतून पहिल्यांदा चिठ्ठी आली: ३० सप्टेंबरला नारिंगी शर्ट घाला. मला वाटलं, रंगांचा दिवस असेल. लेकीनेच घरी येऊन सांगितलं, "आई, एका मुलीचा नवा शर्ट शाळेने काढून घेतला."

ती मुलगी म्हणजे फिलिस वेबस्टॅड. १९७३ साली कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या निवासी शाळेत ती गेली तेव्हा सहा वर्षांची होती. अंगात आजीने घेऊन दिलेला नारिंगी शर्ट. पहिल्याच दिवशी तो काढून घेतला, पुन्हा कधी दिला नाही. सरकार आणि चर्चच्या या शाळांसाठी कॅनडाभर मूळनिवासींची अशी सुमारे दीड लाख मुलं घरातून नेली. केस कापले, स्वतःच्या भाषेत बोललं की शिक्षा. हजारो मुलं परत आलीच नाहीत.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तयारीच्या बैठकीत मी म्हटलं, ३० सप्टेंबरला आपणही सगळे ब्रँटफर्डची जुनी निवासी शाळा बघायला जाऊ या. एक काका म्हणाले, "अगं, हे गोऱ्यांनी केलं. आपण तर काल आलो." चारचौघांत मी गप्प बसले. पण ते मला पटलं नाही, अजूनही पटत नाही.

आम्ही राहतो कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात, केंब्रिजला. १७८४ मध्ये इंग्रजांनी ग्रँड नदीच्या दोन्ही काठांची सहा-सहा मैल जमीन सिक्स नेशन्सच्या, म्हणजे सहा मूळनिवासी राष्ट्रांच्या संघाच्या, लोकांना लिहून दिली होती. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांच्या बाजूने लढून त्यांनी आपली भूमी गमावली, त्याबदल्यात. आज त्यातला अगदी लहानसा तुकडा त्यांच्याकडे उरलाय. आणि नदी आमच्या दारापासून पायी दहा मिनिटांवर. ज्या घराचे हप्ते आम्ही भरतो, ते त्याच पट्ट्यात. शिवाय नागरिकत्वाची शपथ घेताना फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी या मूळनिवासी लोकांच्या हक्कांचं आणि करारांचं वाक्य मी उजवा हात वर करून म्हटलंय. २०२१ मध्ये ते शपथेत आलं, निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाच्या ९४ शिफारशींपैकी ती शेवटची. काल आलेल्यांसाठीच आहे की ते!

शेवटी आम्ही तिघंच गेलो. ब्रँटफर्डची ती निवासी शाळा, मोहॉक इन्स्टिट्यूट, १९७० मध्ये बंद झाली. मुलं तिला 'मश होल' म्हणत, कारण जेवायला रोज तीच ओटची पातळ पेज. आवारात सफरचंदांची बाग होती, पण उपाशी मुलांनी फळ तोडलं तर मार. हे ऐकताना माझा हात आपोआप पर्समधल्या लेकीच्या डब्यावर गेला. आमच्या पुढे नारिंगी शर्टातल्या एक आजी नातवाचा हात धरून उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

इमारतीच्या मागच्या बाजूच्या विटांवर मुलांनी कोरलेली नावं आहेत. लेक नुकतीच वाचायला शिकलीये. ती एकेक अक्षर लावत नावं मोठ्याने वाचायला लागली. नवरा तिला हळू बोल म्हणणार होता, मी त्याला थांबवलं.

या वर्षी काकांना मी पुन्हा विचारणार आहे. गाडीत दोन जागा रिकाम्या असतात.