पाणी कुठं जायलंय गं?

आम्ही अमेरिकेत सिएटलला राहतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात आईला घेऊन इथल्या सिएटल सेंटरच्या कारंज्यावर गेलो. इंटरनॅशनल फाउंटन म्हणतात त्याला. १९६२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी स्पेस नीडल या उंच मनोऱ्याबरोबरच ते बांधलं, पुढं १९९५ मध्ये नव्याने घडवलं. मधोमध एक मोठा चंदेरी घुमट आणि भोवती त्याच्याकडे उतरत जाणारी फरशीची प्रचंड वाटी. घुमटावरच्या नळ्यांतून संगीताच्या तालावर पाणी उडतं. कधी नुसती भुरभुर, कधी चौफेर पिचकाऱ्या, आणि मध्येच एखादा लोट शंभर फुटांच्या वर. पोरं घुमटाला हात लावायला धावतात आणि पाणी यायच्या आत किंचाळत परत पळतात. तिकीट नाही, नावनोंदणी नाही. शहरात कुणीही यावं आणि भिजावं.

थोरला सात वर्षांचा, धाकटी साडेतीनची. दोघांनी चपला भिरकावल्या आणि पळाले. आई काठावर बसली, मांडीवर पंचा घेऊन. दहा मिनिटं काही बोलली नाही. मग म्हणाली, "पाणी कुठं जायलंय गं हे?"

आम्ही लातूरचे. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आणायची वेळ आली. पहिली गाडी १२ एप्रिलला आली, दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन. पाणी भरायच्या जागांवर भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते, पण आई त्या सगळ्यातून गेली. तिच्या घरात तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला जातं आणि कपडे खळबळलेल्या पाण्याने अंगण धुतलं जातं. तीनदा वापरल्याशिवाय पाणी मोरीत सोडायचं नाही, हा तिचा आजचाही नेम आहे. तिच्या प्रश्नात कुरकूर नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"फिरवून परत वापरत असतील," मी म्हणाले.

"असतील?" ती म्हणाली. आणि मला कळलं, हे नीट माहीत करून घ्यायला हवं. या उन्हाळ्यात आम्ही जिथं जिथं गेलो, तिथं हा प्रश्न बरोबर होता.

सिएटल म्हणजे पाऊस, असं बाहेरच्यांना वाटतं. पण इथले जुलै-ऑगस्ट अगदी कोरडे असतात, आणि रात्री नऊपर्यंत उजेड. शाळा जूनमध्ये सुटते ती सप्टेंबरमध्येच भरते. एवढे लांबलचक दिवस पोरांना घेऊन घालवायचे कुठं, हा प्रत्येक घरातला प्रश्न. त्यात बऱ्याच जुन्या घरांना एसी नाही, कारण पूर्वी त्याची गरजच पडत नसे. २८ जून २०२१ ला इथं १०८ अंश फॅरनहाइट झालं, म्हणजे आपले ४२. लातूरच्या माणसाला ४२ काही नवीन नाही, पण लातूरच्या घराला जाड भिंती असतात, पंखा असतो. इथं लाकडी घरात वरच्या मजल्यावर धाकटीला खांद्यावर घेऊन मी येरझाऱ्या घालत होते. ती तेव्हा सहा महिन्यांची. शेजारच्या कोरियन आजी दारात आल्या आणि म्हणाल्या, चल, पाण्याकडे. त्यांनीच मला पहिल्यांदा जवळच्या बागेतलं स्प्लॅश पॅड दाखवलं. त्या दिवसाचे उपकार मी विसरलेले नाही. आज मी ज्या हट्टाने पोरांना पाण्यावर नेते, त्याची सुरुवात तिथं आहे.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. स्प्लॅश पॅड म्हणजे साठलेलं पाणी नसलेला हौद. खाली खडबडीत, पाय न घसरणारी जमीन, जमिनीतून उडणाऱ्या धारा, वरून उपडी होणाऱ्या बादल्या, आणि पडलेलं पाणी लगेच जाळीतून खाली. पाणी तुंबत नाही म्हणून पोहायला न येणारं मूलही तिथं मनसोक्त खेळू शकतं. सिएटल महापालिकेच्या बागांत याला स्प्रे पार्क म्हणतात, आणि उन्हाळाभर ती फुकट असतात.

आईच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर घराजवळच्या बागेत मिळालं. तिथं गुडघ्याएवढ्या उंचीचा एक खांब आहे, त्यावर बटण. बटण दाबलं की पाणी सुरू होतं आणि ठरलेल्या वेळाने आपोआप थांबतं. आईला हे मी सांगितलं, पण तिचा विश्वास बसेना. ती खांबापाशी उभी राहिली. पोरं दुसरीकडे घसरगुंडीवर गेली होती, पाण्यात कुणीच नव्हतं. तिने पिशवीतून जपमाळ काढली आणि मणी ओढत राहिली. पाऊण माळ झाली आणि धारा एकेक करून खाली बसल्या. शेवटची धार जमिनीलगत दोनदा उसळली आणि थांबली. आई माझ्याकडे वळून म्हणाली, "बंद होतंय की गं." इतका मोकळा चेहरा तिचा मी बऱ्याच दिवसांनी पाहिला.

दुसरं उत्तर जरा गुंतागुंतीचं. स्प्लॅश पॅड दोन तऱ्हेची असतात. एकात नळाचं ताजं पाणी येतं आणि एकदा वापरून गटारात जातं. काही गावं तेच पाणी झाडांना देतात. दुसऱ्या तऱ्हेत जमिनीखाली टाकी असते. पाणी गाळायचं, क्लोरीन घालायचं आणि पुन्हा वर पाठवायचं. सिएटल सेंटरचं कारंजं या दुसऱ्या तऱ्हेचं, तेच पाणी फिरत राहतं. हे कळल्यावर आईचा जीव भांड्यात पडला. पण फिरत्या पाण्याची दुसरी बाजूही आई-बापांनी समजून घ्यायला हवी. २००५ मध्ये न्यूयॉर्क राज्यात सेनेका लेकच्या बागेतल्या अशाच पाण्यातून क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी पसरला आणि हजारो माणसं जुलाबाने आजारी पडली. हा जंतू क्लोरीनला सहजासहजी दाद देत नाही. त्यासाठी अतिनील किरणांची यंत्रणा लागते. म्हणून मी कळकळीने सांगते, पोट बिघडलेल्या मुलाला पाण्यावर आणूच नका, बरं वाटल्यावरही काही दिवस थांबा. लंगोटातल्या बाळाला पाण्यासाठीचा वेगळा डायपर घाला, पण त्यानेही सगळं अडतं असं समजू नका, थोड्या थोड्या वेळाने बघत राहा. आणि धारेला तोंड लावू द्यायचं नाही. धाकटीला हे शिकवायला मला पूर्ण जुलै लागला.

या उन्हाळ्यात मला सगळ्यात आवडलं ते बीकन हिलवरचं जेफरसन पार्क. तिथं बीकन माउंटन नावाची खेळायची जागा आहे. टेकडीच्या उतारावरच बसवलेल्या घसरगुंड्या, दोरीला लटकून सुसाट जायची झिपलाइन आणि शेजारी स्प्रे पार्क. वर उभं राहिलं की एकीकडे शहराच्या उंच इमारती, आणि हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला ऑलिंपिक पर्वतावरचा बर्फ. आणि या बागेच्या पोटात शहराच्या पिण्याच्या पाण्याचा साठा आहे! पूर्वी तो उघडा तलाव होता. सिएटलने आपले बरेचसे उघडे साठे जमिनीखाली घेतले आणि त्यांच्या डोक्यावर बागा केल्या. कॅपिटल हिलवरचं कॅल अँडरसन पार्कही तसंच.

आईला हे सांगितलं तेव्हा ती गवतावर बसली होती. तिने तळहात जमिनीवर टेकवला. "हिच्या खाली?" मी म्हटलं हो, कॅस्केड पर्वतातून येणाऱ्या सीडर आणि टोल्ट या दोन नद्यांच्या खोऱ्यांतलं पाणी सगळं शहर पितं. ती खूप वेळ तिथंच बसली. मला आमच्या गच्चीवरची सिंटेक्सची टाकी आठवत होती, तिच्यावर बोटाने टकटक करून पाणी कुठवर आहे ते आई ओळखायची.

त्याच बागेत तिची एका व्हिएतनामी आजींशी ओळख झाली. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. दोघींची नातवंडं एकाच धारेखाली. त्या आजींनी लिचीसारखं एक फळ सोलून आईच्या हातावर ठेवलं. आईने डब्यातला शेंगदाण्याचा लाडू काढला आणि मी घाईने तिचा हात धरला. इथं मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी असू शकते, विचारल्याशिवाय द्यायचं नाही. आई खट्टू झाली. खाऊ देताना कुणी हात धरावा, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं असेल. पण पुढच्या वेळेपासून तिने राजगिऱ्याचे लाडू आणले, आणि आधी मला त्या आजींच्या सुनेला विचारायला लावलं.

अगदी लहान मुलं असतील तर सिएटल सेंटरच्या कारंज्यापेक्षा ग्रीन लेकसारख्या ठिकाणचे उथळ हौद बरे, असं माझं मत आहे. कारंज्याचा मोठा लोट सुटतो तेव्हा आवाजानेच तान्ही मुलं घाबरतात. हौदात पाणी जेमतेम पोटरीपर्यंत, आणि लक्ष ठेवायला महापालिकेची माणसं असतात. मात्र हे हौद हवा चांगली असेल तरच भरतात. ७० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण २१, गाठणार असा अंदाज लागतो. स्प्रे पार्कचं तसं नाही, ती ढगाळ दिवशीही चालू असतात.

कारंज्यापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर आर्टिस्ट्स ॲट प्ले ही खेळायची जागा आहे. तिथं पस्तीस फुटी दोरांचा मनोरा आहे, आणि थोरल्याने तो या उन्हाळ्यात पहिल्यांदा टोकापर्यंत चढला. खाली आला तेव्हा हाताला दोराचे वळ होते, आणि ते त्याने आजीला एकेक करून दाखवले. पाण्याशेजारी खेळायची जागा असणं फार मोलाचं आहे. इथलं पाणी गार असतं. वीस मिनिटांत धाकटीचे ओठ निळसर पडतात, बोटांना सुरकुत्या येतात, तरी बाहेर यायचं नाव नाही. अशा वेळी "चल, झोक्यावर" म्हणता आलं पाहिजे. उन्हात दहा मिनिटं झोका घेतला की अंग कोमट होतं आणि ती पुन्हा पाण्यात जायला तयार.

आणि पंचा! मी इतकी वर्षं जाडजूड टॉवेल वाहत होते. एकदा भिजला की दिवसभर ओला, पिशवीला कुबट वास. आईने लातूरहून सहा पंचे आणले होते. डोकं खसाखसा पुसायचं, पिळायचा, झुडपावर टाकायचा, की पोरं परत येईपर्यंत वाळलेला. उन्ह लागलं तर डोक्याला गुंडाळायचा, घास भरवताना गळ्याशी बांधायचा. बाकी आमच्या पिशवीत पोळीचे रोल, काकडी, थर्मासमध्ये कैरीचं पन्हं आणि सनस्क्रीन. सावली बहुतेक ठिकाणी कमी असते, म्हणून सकाळी लवकर जाऊन झाडाखालची जागा धरायची. आणि दुपारी घसरगुंडीला आधी आपला तळहात लावून बघायचा, मगच मुलाला सोडायचं.

ऑगस्टमध्ये एकदा पाऊण तास गाडी चालवून एका बागेत पोचलो तर पाणी बंद, कुंपणाला दुरुस्तीचा कागद. धाकटी पोहण्याच्या कपड्यात कोरड्या जमिनीवर उभी राहून रडली. शेवटी बेलव्ह्यूला क्रॉसरोड्सच्या बागेत गेलो. तिथं पाण्याचा खेळही आहे आणि शेजारच्या मॉलमध्ये जमिनीवर मांडलेला माणसाच्या कमरेएवढ्या सोंगट्यांचा बुद्धिबळपट. पोरं भिजली, मग आत जाऊन थोरला एका अनोळखी आजोबांशी डाव खेळला. आजोबा तेलुगू बोलणारे निघाले, आणि आईने त्यांच्या पत्नीशी हिंदीत संध्याकाळपर्यंत गप्पा मारल्या. तेव्हापासून निघण्याआधी मी वेबसाइटवर बघते आणि वाटेतली दुसरी जागा ठरवून ठेवते.

सप्टेंबरचा पहिला सोमवार हा इथला लेबर डे, उन्हाळ्याचा शेवट. आईचं विमान त्याच आठवड्यात होतं. आम्ही पुन्हा जेफरसन पार्कला गेलो. व्हिएतनामी आजीही आल्या होत्या. दिवस कलला, वारा गार झाला, एकेक घर पिशव्या उचलून निघालं. मी पोरांना पंच्यात गुंडाळून गाडीकडे आणलं. आई मात्र स्प्रे पार्कच्या काठाशी थांबली होती. शेवटच्या धारा बसल्या, जमिनीवरचं पाणी वळत वळत जाळीत उतरलं, आणि ते पूर्ण उतरेपर्यंत ती तिथून हलली नाही.